आषाढातले कोर्लई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदाच्या सहलीवर काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि वाणसामानाची यादी याखेरीज गेल्या कित्येक वर्षांत मी काही लिहिलेले नाही. पण बाई म्हणाल्या, "सहलीहून परत येताना सगळ्या भेंड्या लावत होत्या आणि तुम्ही एकट्या गप्प बसून होतात. त्या अर्थी तुमच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे." त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून हे धाडस.

सहलीला आषाढ महिना निवडला म्हणून घराघरांतून आमची थट्टा झाली. समुद्रावर जायचे तर दिवाळीत जावे, नाहीतर मे महिन्यात. भर पावसात कोण जाते? पण आम्हा पेणच्या बायकांचा हिशेब वेगळा असतो. चैत्र-वैशाख पापड-कुरडयांत जातो. श्रावण लागला की सणवार, पाठोपाठ गणपती, गौरी, नवरात्र. बाईला थोडा मोकळा श्वास मिळतो तो आषाढातच. शिवाय या दिवसांत बसचे भाडे निम्म्यावर येते. कांदेनवमीच्या आधीचा शनिवार ठरला आणि आम्ही सतराजणी भल्या पहाटे छोट्या बसने निघालो. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि चातुर्मास लागण्यापूर्वी खाऊन घ्यावीत म्हणून दोन डबे भरून कांदाभजी.

वडखळ, अलिबाग करीत चौलला पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. चौल म्हणजे आता नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले शांत गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवीगार सावली आणि कौलांवरून निथळणारे पाणी. पण दोन हजार वर्षांपूर्वी या बंदराचे नाव ग्रीक खलाशांना ठाऊक होते. त्यांच्या लिखाणात ते 'सेमिल्ला' म्हणून येते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' म्हणून. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या इराद्याने याच किनाऱ्याला उतरला. इथली माणसे उघड्या डोक्याने हिंडतात आणि केसांची एक वेणी घालतात, याचे त्याला मोठे नवल वाटले आणि ते त्याने लिहून ठेवले. त्याचे स्मारक शेजारच्या रेवदंड्याच्या शाळेत आहे. चौलचे रेशमी कापडही एके काळी दूरदूर जात असे. हे सारे बसमध्ये मी सांगितले, तेव्हा खजिनदार वहिनी म्हणाल्या, "रेशीम गेले, वेणी मात्र राहिली!" सगळ्या हसल्या. वहिनींचे ते वाक्य मला पुढे दिवसभर आठवत राहिले.

रेवदंड्याला किल्ल्याची पडकी तटबंदी बसमधूनच पाहिली. पोर्तुगीजांनी १५१६ साली निजामशहाच्या परवानगीने येथे वखार घातली आणि १५२१ पासून किल्ला बांधायला घेतला. त्याआधी १५०८ साली चौलच्या समोरच्या पाण्यात मोठी लढाई झाली होती. तीत इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो आल्मेदा मारला गेला. तरी ते पुन्हा आले आणि सव्वादोनशे वर्षे येथे राहिले.

रेवदंड्याच्या पुढे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. सह्याद्रीतून निघून रोह्यावरून येणारी ही नदी येथे एवढी रुंद होते, की पुलाच्या मध्यावर बस आली तेव्हा दोन्ही काठ पावसात दिसेनासे झाले. पाणी गढूळ, तांबूस, आणि त्यावर पावसाची जाळी. रुंद खाडी पाहिली की माझ्या पोटात कालवते. माझे माहेर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या बाजूला, अशाच एका खाडीच्या काठी आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीची शाळा पलीकडच्या काठाला. पावसाळ्यात होडी बंद पडे आणि मुलीला एवढ्या लांब वळसा घालून कोण पाठवणार? माझे दोघे भाऊ पलीकडे नातेवाइकांकडे राहून शिकले. मी अलीकडेच राहिले. यात कोणाला बोल लावावा असे काही नाही, त्या वेळी तशीच रीत होती. पण पूल दिसला की मनात येते, हा तेव्हा आमच्याकडे असता तर?

पूल ओलांडून साळाववरून उजवीकडे वळले की थोड्याच वेळात कोर्लई येते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये समुद्रात घुसलेला एक लांबट डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी गाव. मासेमारीला सरकारी बंदी असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून, वर ताडपत्र्या बांधून ठेवल्या होत्या. एका पडवीत दोन म्हातारे कोळी जाळ्याची तुटलेली घरे सांधीत बसले होते. एरवी सुट्टीत येथे गाड्यांची रीघ लागते म्हणतात. त्या दिवशी साऱ्या गावात पाहुण्या म्हणून आम्हीच.

दीपगृहाच्या बाजूने आम्ही किल्ल्यावर चढलो. पायऱ्यांवर शेवाळ होते, म्हणून एकमेकींचे हात धरून, जपून. डोंगराच्या कण्यावर बांधलेला हा किल्ला लांबीला पुष्कळ आणि रुंदीला अगदी थोडा आहे. एका दरवाजातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे चालत जावे लागते, जणू चाळीतल्या खोल्याच. आत गोड्या पाण्याचे टाके, महादेवाचे लहान देऊळ, तुळशीवृंदावन, आणि थोड्या अंतरावर छप्पर उडालेले पोर्तुगीजांचे चर्च. भिंतीवर त्यांच्या अक्षरांतले शिलालेख अजून आहेत.

निजामशहाने चौलच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी या डोंगरावर बळकट ठाणे केले. १५९४ साली पोर्तुगीजांनी मोठ्या लढाईनंतर ते जिंकले. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला, पण तेव्हा ते ठाणे हाती आले नाही. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातले पोर्तुगीजांचे बळ संपले. १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ साली मराठ्यांचे राज्य बुडाले आणि तेथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

इतका इतिहास मला आधीपासून ठाऊक होता. आमच्या वाचनालयातून पुस्तके आणून मी तो वाचला होता, आणि इंग्रजी गॅझेटियरातला भाग माझ्या मुलीने मला वाचून अर्थ सांगितला होता. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जात असे, त्या नावाचे ते जुने गॅझेटियर. राजे, सरदार, तोफा, तह. किल्ल्यावर उभी राहून मी मैत्रिणींना हे सारे घडाघडा सांगितले आणि मनातून थोडी फुशारलेही. पण खरा इतिहास खाली गावात आमची वाट पाहत होता.

उतरताना पावसाने असे झोडपले की छत्र्या उलट्या झाल्या. गावात शिरताच एका घराच्या ओटीवरून एका आजींनी हाक मारली, "बायांनो, भिजताय कशाला? वर या." आम्ही साऱ्या ओटीवर दाटीवाटीने उभ्या राहिलो. घर ख्रिस्ती कुटुंबाचे होते. आत भिंतीवर माउंट कार्मेलच्या मातेची तसबीर होती. गावातले चर्चही तिच्याच नावाचे. आजी अंगाने वाळक्या, पण आवाज खणखणीत. आमच्याशी त्या आपल्यासारख्याच मराठीत बोलत होत्या. मग आत वळून त्यांनी नातीला चहा ठेवायला सांगितले, आणि ते मात्र आम्हाला कोणालाच कळले नाही. नातीने तशाच भाषेत उलट उत्तर दिले. दोघींचे काहीतरी दुधावरून चालले होते, एवढे हातवाऱ्यांवरून समजले.

"आजी, ही कोकणी का हो?" आमच्यातल्या एकीने विचारले.

"नाही गं पोरी. कोकणी गोव्याची. ही आमची."

"नाव काय हिचे?"

"आम्ही म्हणतो नॉ लिंग. म्हणजे आपली भाषा."

बाहेरचे लोक तिला क्रिस्ती असेही म्हणतात. पोर्तुगीज शब्दांपासून घडलेली, पण पोर्तुगालच्या माणसालाही सहज न कळणारी ही निराळी बोली आहे. ती बोलणारी माणसे सारी मिळून हजाराच्या आतबाहेर, आणि तीही मुख्यतः या एका गावात. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषापंडिताने या बोलीचा अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर इंग्रजीत अख्खे पुस्तक लिहिले आहे.

ही भाषा जन्मली कशी, ते भगिनींनो, समजून घेण्यासारखे आहे. गलबतांतून आले ते पुरुष. पोर्तुगालहून बायका फारच थोड्या येत. साध्या शिपायांनी येथल्याच बायकांशी संसार मांडले. त्यांतल्या काहीजणी धर्मांतर करून विधिपूर्वक लग्न झालेल्या, तर काहीजणी दासी म्हणून घरात आणलेल्या. त्यांना कोणी विचारले होते असे नाही. बापाची भाषा एक, आईची दुसरी, आणि मधल्या मुलाला दोघांशी बोलायचे. अशा घरांतून तिसरी भाषा तयार झाली. तिचे शब्द पोर्तुगीज आहेत. पण एवढी वर्षे मराठीच्या शेजारात राहिल्यामुळे तिच्या वाक्याची ठेवण आपल्यासारखी झाली आहे. पोर्तुगीजांत क्रियापद वाक्याच्या मध्ये येते. या भाषेत ते आपल्यासारखे शेवटी येते. सासरी आलेल्या मुलीने स्वयंपाक सासरचा शिकावा आणि फोडणी मात्र माहेरची द्यावी, तसेच हे काहीसे झाले आहे.

१७४० साली पोर्तुगीज अंमल संपला तेव्हा सरदार आणि पैसेवाले निघून गेले. गरीब मागे राहिले. जायचे तरी कुठे? येथेच जन्मलेले, येथल्याच मातीतले. त्यांचा धर्म वेगळा म्हणून सोयरिकी आपल्यातच होत. त्यामुळे बोलीही आपल्यात राहिली. राज्य गेले, आरमार गेले, किल्ल्यावरच्या चर्चचे छप्पर गेले. तहनाम्यात कोणाला नोंद करावीशी वाटली नाही अशी ही बोली मात्र पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ या खाडीच्या काठी बोलली जात आहे.

मी आजींना विचारले, "शाळेत शिकवतात का ही?"

"शाळेत मराठी, बाजारात मराठी. ही घरात."

"मग तुम्हाला कोणी शिकवली?"

"आईने. तिला तिच्या आईने." आणि मग हसून म्हणाल्या, "शिकवायची कशाला? चुलीपाशी बसले की येते."

चहा आला. बरोबर पाव होता. आजी म्हणाल्या, "हा पाव तुम्ही आमच्याकडून घेतलात. शब्दसुद्धा!" खरेच आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या स्वयंपाकघरात आले. आपण कमरेला खोचतो ती चावी, पाणी भरतो ती बादली, मुलीच्या वेणीची फीत आणि महिनाअखेर ज्याची वाट पाहतो तो पगार, हेही त्यांचेच. हापूस आंब्याचे नावसुद्धा अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले आहे. आम्ही सतराजणींनी सकाळपासून किती पोर्तुगीज शब्द उच्चारले असतील, ते मोजताना हशा झाला.

हशा ओसरल्यावर आजी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ही नात बोलते. मुंबईला आहेत त्या मुलाच्या पोरांना येत नाही. मुलगा म्हणतो, कशाला पाहिजे, कोणाशी बोलणार आहेत? आता ती आली की मी मराठीत बोलते. माझीच नातवंडे, आणि त्यांच्याशी मी परक्या बाईसारखी बोलते."

पाऊस थांबला. आम्ही आजींना आमची कांदाभजी दिली, त्यांनी आम्हाला वाडीतली चार शहाळी दिली, आणि निघालो. मैत्रिणींनी बसमध्ये भेंड्या सुरू केल्या. मी खिडकीशी बसले, ती का, ते आता सांगते.

मी पेणला सून म्हणून आले तेव्हा माझ्या तोंडी माझी मालवणी होती. पहिल्याच आठवड्यात मी पाणी वाढताना "वायच सरका" म्हटले, आणि पंगतीत हशा पिकला. माणसे वाईट नव्हती. त्यांना गंमत वाटली. पुढे 'माका' आणि 'तुका' वरून घरातली मुले माझी नक्कल करू लागली. मी एकोणीस वर्षांची होते. सातवीच शिकलेली, त्यात बोलणे असे. मला वाटले, शिक्षण तर आता मिळणार नाही, निदान बोलणे तरी शिकल्यासारखे करावे. वर्षभरात मी माझी जीभ बदलून टाकली. माझ्या मुलीच्या कानावर मी मालवणीतला एक शब्दही पडू दिला नाही, अंगाईसुद्धा पुस्तकी मराठीत गायिली. ती हुशार निघाली, कॉलेजात गेली. तिला इंग्रजी गॅझेटियर वाचता येते. पण गेल्या वर्षी माझी आई आमच्याकडे महिनाभर राहून गेली. जाताना ती मला म्हणाली, "चेडवाक माजा बोलणा कळणा नाय." मुलीला माझे बोलणे कळत नाही. ती रागाने बोलली नव्हती, नुसते सांगितले. मीही तेव्हा हसून विषय बदलला होता.

कोर्लईच्या आजींचे शेवटचे वाक्य ऐकले आणि माझ्या आईचे वाक्य पुन्हा माझ्या कानात उभे राहिले. पोर्तुगीजांचे राज्य चिमाजी अप्पांच्या फौजेने संपवले. पण त्या घरांतल्या बायकांनी आपली बोली संपू दिली नाही. माझ्या बोलीवर कोणाची फौज चालून आली नव्हती. पंगतीत चार माणसे हसली, तेवढ्यावर मी तिला दाराबाहेर काढले. किल्ले पडतात ते तोफांनी, असे पुस्तकात वाचले होते. बोली कशाने पडते, ते मला त्या दिवशी कळले. यात दोष माझाही आहे, हे लिहायला अवघड जाते, पण खोटे लिहून इतिहास होत नाही.

पुलावर बस आली तेव्हा मी आईला फोन लावला आणि मालवणीत बोलले. पहिली दोन वाक्ये अडखळली. आई पलीकडे क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "कोण गो? तूच मां?" पुढे काय बोललो ते येथे लिहीत नाही.

घरी आल्यावर मुलीला सारी हकीकत सांगितली. तिने लगेच वही काढली आणि आता दर रविवारी ती आजीला फोन करून शब्द लिहून घेते. दोघींचे बोलणे अजून पुरते जुळत नाही. पहिल्याच दिवशी तिने मला विचारले, "आई, वायच म्हणजे नक्की किती?" मी म्हटले, "थोडेसे." पण ते उत्तर पुरे नव्हते. वायचमध्ये जो आर्जव आहे, तो थोडेसेमध्ये उतरत नाही. वीस वर्षांच्या मुलीला चुलीपाशी बसवून भाषा देता येत नाही, एवढा उशीर झालाच आहे. जेवढे हाती लागेल तेवढे खरे.

आपल्या मंडळात आगरी घरच्या भगिनी आहेत, कोळी आहेत, खानदेशातून आलेल्या आहेत, दोघी वऱ्हाडच्या आहेत. हळदीकुंकवाला आपण सगळ्या एकसारखे बोलतो. माझी एक सूचना आहे, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. भिशीच्या दिवशी प्रत्येकीने आपल्या माहेरचे पाच शब्द सांगावेत आणि मंडळाच्या वहीत ते लिहून ठेवावेत. खर्च काही नाही, वही मी देते. आणि ज्यांच्या आया, आज्या अजून आहेत त्यांनी भिशीची वाट न पाहता आजच त्यांना फोन करावा.

पुढच्या आषाढात पुन्हा कोर्लईला जाण्याचा विचार आहे. आजींना आम्ही तसे बोलून आलो आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी खजिनदार वहिनींकडे नाव द्यावे.

असो. माझ्या अल्प बुद्धीला सुचले ते लिहिले. शुद्धलेखनात काही चुका राहिल्या असतील, भगिनींनी सांभाळून घ्याव्यात.